मंगळ, गुरू, शनी

चेंबूरला, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
आमची बॅच: मंगळ, गुरू, शनी.
सातला सुया, अकराला पट्टी.
मधले चार तास रक्त बाहेर फिरून येतं
आणि आम्ही पाच जण खुर्च्यांवर त्याची वाट बघतो.

नाबर टपाल खात्यात होते, छाटणीला.
अर्धा पत्ता वाचून गाव ओळखायचे.
पहिल्याच दिवशी, ओळख ना पाळख, मला म्हणाले,
"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."
मी म्हटलं, "बरं."
पण पलीकडून माहूलच्या चांगुणा मावशी जाग्या झाल्या,
"तीन? जल्मभर माकुल कापला मी. काळीज कोन मोजतंय!"
"माकुललाही तीनच."
मग मावशींनी शाई न फुटू देता
माकुल कसा साफ करायचा ते दाखवलं, एका हातानं
(दुसरा हलवायचा नसतो),
आणि देढियाशेठ, ज्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही,
मान पुढे काढून विचारत होते,
"ने शाई कसली? निळी?"

तेव्हापासून रोज एक.
जेलीफिश म्हणजे शंभरात पंच्याण्णव भाग पाणी.
रुबीना सिस्टर ओरडली, इथे पाण्याचं नाव काढायचं नाही.
(आम्हाला दिवसाला दीड पेला. औषधाचा घोट त्यातच.)
शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षाहून मोठा.
मी म्हटलं, ती सोम-बुध-शुक्रवाल्यांची अडचण.
फ्लेमिंगो खाण्यामुळे गुलाबी होतात.
"आमच्याच खाडीतलं खातात," मावशी म्हणाल्या,
"मंग मी कशी काळी ऱ्हायली?"
चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं एकदा देढिया म्हणाले.
नाबर इतके चिडले की त्यांचं यंत्र वाजायला लागलं.
साफ खोटं, नाही दिसत.
देढिया अजून मानत नाहीत.
म्हणतात, बघणाऱ्यांनी नीट बघितलं नसेल.

एका शनिवारी नाबर म्हणाले,
"धडधाकट माणसाची मूत्रपिंडं, मुठीएवढी दोन,
रोज एकशेऐंशी लिटर गाळतात."
कोणी काही बोललं नाही.
पंख्याचं पातं कुरकुरतंय
हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.
नाबरांनी चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.
बऱ्याच वेळानं मावशी म्हणाल्या,
"आनि पगार किती घेत व्हते?"

खिडकीजवळच्या खुर्चीत पार्थेश असायचा, एकोणीस वर्षांचा,
कानात बोंडं, आमच्यातलं एक अक्षर न ऐकणारा.
पावणेदोन वर्षं.
मग त्याच्या आईचं जुळलं आणि तो गेला.
दिवाळीनंतर आला, तोंडाला मास्क, दारातच उभा.
पेढे रुबीनाकडे दिले, आम्हाला चालत नाहीत हे आठवून
जरा ओशाळला.
मग नाबरांना म्हणाला,
"काका, जुनी काढतच नाहीत. तिथेच ठेवतात,
नवीन खाली पोटात बसवतात.
माझ्याकडे आता तीन आहेत.
तुमच्या त्या ऑक्टोपससारखी."

ऐकत होता म्हणजे कार्टा.
नाबरांना हे माहीत नव्हतं.
त्यांचा चेहरा असा झाला, जणू पत्ता नसलेलं पाकीट
पहिल्यांदाच त्यांना कोणी हातात आणून दिलं.
मला म्हणाले, "लिहून घ्या, माझा हात अडकलाय."
माझाही अडकला होता.
आम्ही दोघांनी ते तोंडपाठ केलं.

आज खिडकीच्या खुर्चीत नवे गृहस्थ आलेत.
पनवेलहून, बुटांसकट झोपलेले, नजर छतावर.
सुई गेली तेव्हा हूं नाही, चूं नाही.
नाबरांना आज ताप आहे, ते गप्प.
देढिया घोरतायत.
मावशी माझ्याकडे बघतात, मी मावशींकडे.
शेवटी घसा साफ करून मीच म्हणते,
भिंतीला सांगावं तसं,
"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

काही नाही.
साडेआठ वाजतात. नऊ.
चहाची किटली जिन्यावरून दुसऱ्यांसाठी वर जाते,
वेलचीचा वास तेवढा आत येतो.

मग छताकडे बघतच ते म्हणतात,
"आणि बाकीची दोन काय करतात?"